तिला एकटीला कसं विचारू?

एका तालुक्याच्या गावातल्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र आहे. थोडक्यात असं:

"दवाखाना आधी वडिलांचा होता, आता माझा. एका घरातल्या तीन पिढ्या आमच्याकडेच येतात. त्या घरची सून, वय सत्तावीस-अठ्ठावीस, चार महिन्यांत तीनदा आली. आधी डाव्या हाताला सूज, 'नळावर घसरली'. मग डोकेदुखी आणि झोप नाही. परवा डावा कान. पडद्याला भोक आहे, 'काडी लागली'. हे सगळं सांगितलं सासूने, सून मान खाली घालून बसलेली. संशय येतोय, पण विचारू कसं? तिच्या नवऱ्याला मी शाळकरी वयापासून ओळखतो, माझा शब्द तो मोडणार नाही. त्याला बोलावून समजावू का, की हा घरातला मामला म्हणून गप्प बसू? पुढच्या आठवड्यात ती कान दाखवायला येणार आहे."

डॉक्टर, सगळ्यात आधी एकच सांगतो: नवऱ्याला बोलावू नका.

तुमचा हेतू चांगला आहे. पण तुमच्यासमोर तो मान डोलावेल, "हो डॉक्टर, चुकलं" म्हणेल आणि घरी जाऊन तिला विचारेल, "डॉक्टरला काय सांगितलंस?" तिने काहीच सांगितलेलं नाही आणि ते खरं मानलं जाणार नाही. त्या रात्रीचा मार तुमच्या समजावण्यामुळे पडेल. शिवाय पुढच्या वेळी ते घर दुसऱ्या दवाखान्यात जाईल. तुमच्याकडे तीन भेटींचा धागा आहे. नव्या डॉक्टरला त्यातलं काहीच ठाऊक नसेल, त्याला फक्त एक कान दिसेल. तुम्ही अख्ख्या घराचे डॉक्टर आहात, ही तुमची ताकद आहे आणि या बाबतीत धोकाही तोच आहे. तेव्हा खोलीत ती असेल तेवढा वेळ तुम्ही फक्त तिचे डॉक्टर असायला हवं.

तुमच्या संशयाला आधार आहे. घसरलेला माणूस हात टेकतो. त्यामुळे खरचटतं ते तळव्याला, गुडघ्याला, कोपराला, मार लागतो मनगटाला. तुम्ही पाहिलेली सूज हाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये होती का, ते आठवा. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात वर केला की नेमकी तीच बाजू पुढे येते. तळव्याला ओरखडाही नसेल, तर घसरण्याची गोष्ट जुळत नाही. कानाचंही तसंच आहे. काडीने पडदा फाटतो हे खरं, पण उघड्या तळव्याची थप्पड कानावर बसली की आतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटतो. समोर उभा असलेला माणूस उजव्या हाताचा असेल, तर थप्पड डाव्या कानावर बसते. यातली कुठलीही एक गोष्ट पुरावा नाही. पण चार महिन्यांत तीन भेटी, जखम आणि कारण यांचा मेळ नाही आणि बोलणारी व्यक्ती दुसरीच, हे सगळं एकत्र पाहिलं की विचारायलाच हवं.

कानात थेंब घालू नका. कान कोरडा ठेवायला सांगा, डोक्यावरून अंघोळ करताना व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा. असे बहुतेक पडदे दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतात. चक्कर, चेहरा वाकडा होणं किंवा ऐकू येणं फारच कमी झालं असेल, तर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा.

आणखी काय पाहायचं? कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या जागा: छाती, पोट, पाठ, मांड्या. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे गोल ठसे, म्हणजे घट्ट धरून हलवल्याच्या खुणा. काठी किंवा पट्ट्याचा वळ दोन समांतर रेघांसारखा उठतो आणि मधली पट्टी फिकी राहते. मनगटावर बारीक, आडवे काप असतील तर बांगड्यांबद्दल विचारा. हात धरून पिरगळला की काचेच्या बांगड्या तिथेच फुटतात. मानेच्या मागच्या बाजूला बारीक रेघ मंगळसूत्र ओढल्याची असू शकते. टाळूचा एखादा भाग दाबला की दुखतो, तिथले केस विरळ झालेत, हे केस धरून ओढल्याचं असू शकतं. जुन्या-नव्या जखमा एकत्र असणं ही तर मोठी खूण. मात्र वळाच्या रंगावरून त्याचं वय लिहून देऊ नका. हिरवा म्हणजे अमुक दिवसांचा, हा हिशेब भरवशाचा नाही. पिवळेपणा साधारण अठरा तास उलटल्याशिवाय दिसत नाही, एवढंच म्हणता येतं. न्यायालयात उलटतपासणीत याच वाक्यावर डॉक्टर अडकतात आणि तिची बाजू लंगडी होते.

पण दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक जणींच्या अंगावर वळ नसतातच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी महाराष्ट्रात साधारण चारातल्या एकीने नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. तुमच्या बाकावर रोज किती जणी बसतात ते मोजा. त्या "मला मारतात" म्हणून येत नाहीत. "अंगात ताकद नाही, एक सलाईन लावा," म्हणून येतात. डोकेदुखी, कंबरदुखी, धडधड, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, आणि तपासण्यांत काही सापडत नाही. लोहाच्या गोळ्या लिहून सहा महिने झाले तरी हिमोग्लोबिन वाढत नाही. तिथे "गोळ्या घेते का?" याच्या पुढे जाऊन "गोळ्यांचे पैसे कोण देतं? जेवायला कितव्यांदा बसते?" हे विचारा. गरोदरपणात नाव उशिरा नोंदवलेलं, मधल्या तपासण्या चुकलेल्या, पोटाला मार. तांबी बसवून चार महिन्यांत "काढून टाका" म्हणणारी सासू. "पहिली मुलगी आहे, आता काय आहे ते बघून द्या" असा आग्रह. मुलगा व्हावा म्हणून तिच्यावर किती दबाव आहे, हे यातून कळतं.

आता तिला एकटीला गाठायचं कसं. सासूला "तुम्ही बाहेर बसा" म्हटलं की ती सावध होते आणि घरी त्याची चौकशी होते. म्हणून हे फक्त या सुनेसाठी करू नका, उद्यापासून दवाखान्याचा नियम करा: मोठ्या माणसाची तपासणी करताना सोबतचं कुणीही आत नाही. दारावर तशी पाटी लावा, पुरुषांनाही तोच नियम. पाटी आठवडाभर आधी लागलेली असेल तर ती या सुनेसाठी लावली आहे असं कुणाला वाटणार नाही. तरीही सासू उठलीच नाही, तर तिचं वजन आणि रक्तदाब बाहेर घ्यायला लावा, किंवा सुनेला लघवीच्या तपासणीसाठी आत पाठवा आणि नर्सने तिथे बोलावं.

तुमच्या तपासणीच्या खोलीला भिंत आहे की पडदा? पडदा असेल तर आवाज बाहेर जातो. बाहेर पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा. तपासताना खोलीत बाई हवीच, पण ती कोण आहे याचाही विचार करा. तुमची नर्स त्याच गल्लीत राहत असेल, त्या घरच्या हळदीकुंकवाला जात असेल, तर सून तिच्यासमोर तोंड उघडणार नाही. नर्सला आधी बसवून सांगा की इथलं बोलणं बाहेर गेलं तर एखादीचा जीव जाऊ शकतो. दुसऱ्या वाडीतली नर्स असेल तर त्या दिवशी तिला ठेवा.

आणि तिला "वहिनी" म्हणू नका. सवयीने तोंडात येतं, मान देण्यासाठीच येतं, पण वहिनी म्हणजे तुमच्या ओळखीच्या माणसाची बायको. ती ऐकते ते एवढंच की डॉक्टर त्याच्या बाजूचे आहेत. ताई म्हणा, नाहीतर तिच्या नावाने हाक मारा.

प्रश्नांत "अत्याचार", "हिंसा", "छळ" हे शब्द नकोत. हे वर्तमानपत्रातले शब्द आहेत, स्वतःच्या घराला कुणी लावत नाही. एखादी थप्पड बऱ्याच जणी मार म्हणून मोजतच नाहीत. त्यांचा शब्द "त्रास" आहे. म्हणून असं काहीसं विचारा:

"कानाला असं भोक काडीने क्वचित पडतं. बरेचदा जोरात फटका बसल्यावर पडतं. असं काही झालं होतं का?"

किंवा, "घरात भांडण झालं की काय होतं? कुणी हात उचलतं का?"

"घरात तुम्हाला कुणाची भीती वाटते का?"

"तुमच्या मनाविरुद्ध जवळ यायला भाग पाडलं जातं का?" हा प्रश्न पुरुष डॉक्टरने पहिल्याच भेटीत विचारू नये, नर्सने किंवा महिला डॉक्टरने विचारलेला बरा.

प्रश्नाआधी एक वाक्य मात्र जरूर: "हे तुमच्या घरात मी कुणालाही सांगणार नाही, तुमच्या सासूबाईंनाही नाही आणि तुमच्या नवऱ्यालाही नाही." तुम्ही त्या घराचे डॉक्टर असल्यामुळे हे वाक्य तुमच्याकडून ऐकणं तिला फार गरजेचं आहे. पण पाळता येणार नाही असं वचन देऊ नका. तिचं वय अठराच्या आत असेल, तर लग्न झालेलं असलं तरी पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा) कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. भाजणं, विष घेणं, मोठी इजा या गोष्टी पोलिसांना कळवाव्या लागतात. हे तिला बोलायला लागण्याआधी कळलं पाहिजे.

सरसकट प्रत्येक बाईला हे प्रश्न विचारा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना म्हणत नाहीत. खुणा दिसतील तिथे विचारा, असं म्हणतात. एकटीने तपासण्याचा नियम सगळ्यांसाठी, प्रश्न मात्र कारण असेल तिथे.

ती "नाही" म्हणाली तर? बहुधा म्हणेलच. "बरं, कधी सांगावंसं वाटलं तर इथे बोलता येईल" एवढं बोलून कानाकडे वळा. खोदून विचारू नका, "मला सगळं कळतंय" असं तर मुळीच नको. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा तिसऱ्या भेटीत मिळतं. ती "हो" म्हणाली तर "मग आधी का नाही सांगितलंस?", "तू काय केलं होतंस?", "दारू पितो म्हणून होतं, उतरली की ठीक होईल" ही तीन वाक्यं गिळून टाका. दारूवर उपचार व्हावेत, पण दारू सुटली की मारणं थांबेल असं गृहीत धरू नका. तिला हवं असतं ते एवढंच: "सांगितलंत ते बरं केलंत. यात तुमची चूक नाही."

त्यानंतर घाईने सल्ला न देता धोका किती आहे ते विचारा. गेल्या सहा महिन्यांत मारणं वाढलंय का? कधी हत्यार, रॉकेल, गॅसची धमकी? गरोदर असताना मारलंय का? सतत संशय घेतो का? "हा मला मारून टाकेल असं तुम्हाला वाटतं का?" या शेवटच्या प्रश्नाला ती "हो" म्हणाली, तर तिचा अंदाज तुमच्या अंदाजापेक्षा खरा माना. आणि "कधी गळा दाबलाय का?" हे वेगळं विचाराच. ज्या घरात नवऱ्याने एकदा गळा दाबलाय, तिथे पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. गळा दाबल्याच्या निम्म्याअधिक घटनांत मानेवर बाहेरून काहीच दिसत नाही. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापण्यांच्या आत लाल ठिपके आहेत का, तेव्हा शुद्ध हरपली होती का, कपड्यात लघवी झाली होती का, हे पाहा आणि विचारा. यातलं काहीही असेल तर जिल्हा रुग्णालयात, मानेच्या रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन होतं अशा ठिकाणी पाठवा. आतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन काही दिवसांनी अर्धांगवायू झाल्याची उदाहरणं आहेत. तुमच्या पेशंटची डोकेदुखी याच अंगाने पुन्हा एकदा बघा.

ज्या भेटीत तुम्ही "झोप नाही" ऐकलंत, त्या भेटीत अल्प्राझोलाम, म्हणजे गुंगी आणणारी झोपेची गोळी, लिहून दिली होती का? दिली असेल तर लांबवू नका. गुंगीत असलेल्या बाईला रात्री स्वतःला आणि लेकराला वाचवता येत नाही, आणि पट्टीभर गोळ्या घरात असणं हाही धोकाच. त्याहून वाईट म्हणजे तुमची चिठ्ठी उद्या "हिला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत" असं सिद्ध करायला वापरली जाईल. "जीव नकोसा वाटतो का?" हे थेट विचारा. विचारल्याने विचार डोक्यात येत नाही. उत्तर "हो" असेल तर १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत लाईन आहे, आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ.

नोंद. आपल्याकडे केसपेपर किंवा फाईल पेशंट घरी नेतो, म्हणून तिच्या हातातल्या कागदावर फक्त औषधं आणि पुढची तारीख. सविस्तर नोंद दवाखान्यात, वेगळी, कुलपात. तिचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर नवऱ्याच्या नंबरवर जात असतील तर ते आजपासून बंद. नोंदीत तिचे शब्द जसेच्या तसे अवतरणात: रुग्ण सांगते, "नवऱ्याने काल रात्री नऊच्या सुमारास कानाखाली मारलं." "मारल्याचा आरोप", "असे म्हणणे आहे" असले संशयाचे शब्द नकोत, आणि तुमचा निवाडाही नको. प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, आकार, रंग. "हाताला मार" याचा न्यायालयात काही उपयोग नाही. "डाव्या हातावर, कोपराच्या टोकापासून ९ सेंमी खाली, करंगळीच्या बाजूला, ६ बाय २ सेंमी, जांभळी सूज" याचा आहे. शरीराची साधी आकृती काढून त्यावर खुणा करा. तिने होकार दिला तर फोटो घ्या, एक लांबून आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. तुमच्या खासगी मोबाइलच्या गॅलरीत ते राहू देऊ नका. आधीच्या तीन भेटींच्या नोंदी आता बदलू नका, आज जे लक्षात आलं ते आजच्या तारखेने लिहा. नोंदी तीन वर्षं ठेवण्याचा नियम आहे. या मात्र जास्त ठेवा, कारण ती कदाचित पाच वर्षांनी मागायला येईल.

कायद्याचं तुम्हाला माहीत असलेलं बहुधा "चारशे अठ्ठ्याण्णव अ" हे सासरच्या छळाचं कलम आहे, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आलं. तो फौजदारी रस्ता, आणि "नवरा जेलमध्ये जाईल, मग मी कुठे जाऊ?" या भीतीने ती तिथे जात नाही. तिला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा सांगा. त्यात नवरा सोडावा लागत नाही, घटस्फोट मागावा लागत नाही. मारू नये असा आदेश, त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा हे सगळं मागता येतं, आणि पैशांची कोंडी, शिवीगाळ, मनाविरुद्धचा संबंध हेही त्यात हिंसाचारच आहे. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो, नाव आणि नंबर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातून आजच लिहून घ्या. शासनाने अधिसूचित केलेल्या वैद्यकीय सुविधांनी "आधी तक्रार आणा" म्हणून उपचार नाकारायचे नसतात आणि अहवालाची प्रत तिला मोफत द्यायची असते. तुमचा खासगी दवाखाना त्या यादीत नसेल, तरी कलम ४ नुसार कुणीही प्रामाणिकपणे संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं, त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही. पण सज्ञान बाईच्या बाबतीत तिच्या होकाराशिवाय ते पाऊल उचलू नका. परिणाम तिला भोगायचे आहेत.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देतं, नंबर १५१००. मदतीसाठी १८१, तातडीने पोलीस हवे असतील तर ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी अशा स्त्रियांना एकाच जागी मदत देणारं सखी वन स्टॉप सेंटर असतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी २००० साली अशा स्त्रियांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं ते याच ओळखीतून, की पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात मात्र येते.

हे नंबर कागदावर लिहून देऊ नका, पिशवी तपासली जाते. १८१ तीनच आकडे आहेत, तोंडपाठ करून घ्या. आधार, पासबुक, रेशनकार्डाची आणि मूल असेल तर त्याच्या जन्मदाखल्याची प्रत, थोडे पैसे शेजारी किंवा माहेरी ठेवता येतील का ते बोला. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबू नका हे सांगा, तिथे सुरी, गॅस आणि उकळतं तेल असतं. मनाविरुद्ध संबंध झाला असेल आणि दिवस जायची भीती असेल तर ७२ तासांत लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅ. ही तातडीची गर्भनिरोधक गोळी. घरात गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट सापडण्याची भीती असेल तर तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं.

सासूवर राग धरू नका, डॉक्टर. याच घरात तिने कदाचित तीस वर्षं मार खाल्ला असेल, आज मुलाचाही खात असेल. तिचा रक्तदाब मोजायला ती एकटी आत येईल तेव्हा तोच प्रश्न तिलाही विचारा.

आणि सुनेला पुन्हा बोलावायला कारण द्या, सासूला पटेल असं. कानाचा पडदा हे उत्तम कारण आहे: "दर दहा दिवसांनी बघावंच लागेल, नाहीतर बहिरेपण येऊ शकतं." वैद्यकीयदृष्ट्या खोटंही नाही. दोन-तीन महिन्यांत अशा सहा ते नऊ भेटी होतील. पुढच्या आठवड्यातल्या भेटीत फार तर एक प्रश्न विचारून होईल, पुरे आहे. खुर्ची मात्र अशी ठेवा की तिचा उजवा कान तुमच्याकडे येईल. डाव्याने तिला कमी ऐकू येत असणार, आणि तुम्हाला हळू बोलायचं आहे.